चर्चला किती द्यायचं? आकडा बाकावर बसून नाही, घरी कागद घेऊन ठरवा

चर्चला किती द्यायचं हे कोणी कोणाला उघड विचारत नाही, पगार किती हे जसं विचारत नाहीत तसंच. मग होतं काय, उपासना अर्ध्यावर येते, गीत सुरू होतं, दानाची थैली बाकाबाकावरून सरकत आपल्याकडे यायला लागते आणि आपण खिशात हात घालून बोटांनीच चाचपत बसतो की आत काय आहे, मोठी नोट लागली तर खाली ढकलतो, छोटी लागली की घडी घालून मुठीत धरतो. मी हे बरीच वर्षं केलंय. पुढे दान मोजायच्या टेबलावर बसायला लागलो तेव्हा कळलं की आपण एकटे नाही. चार-चार घड्या घालून बोटाच्या पेराएवढ्या केलेल्या नोटा असतात, त्या सरळ करण्यातच अर्धा वेळ जातो, आणि प्रत्येक घडीवर दिसतं की हा आकडा अर्ध्या मिनिटात ठरलाय.

माझं म्हणणं एवढंच की हा आकडा घरी ठरवायचा, रविवार यायच्या आधी. कसा, ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी दहाचा आकडा नीट समजून घ्या

दशमांश म्हणजे देवाला द्यायचा दहावा भाग, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तो मुळात कशावर होता आणि कोणाला जायचा हे फार कमी लोकांनी वाचलेलं असतं. अब्रामाने (पुढचा अब्राहाम) मलकीसदेक या याजक-राजाला लुटीचा दहावा भाग दिला तो एकदाच, लढाईवरून परत येताना. त्याचा नातू याकोब याने दहावा भाग द्यायचा नवस केला. नियम म्हणून तो येतो तो बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात, आणि तिथे धान्य, झाडांची फळं आणि गुरंमेंढरं आहेत. मेंढपाळाच्या काठीखालून जनावरं एकेक करून जायची, दहावं येईल ते परमेश्वराचं, चांगलं की वाईट निवडत बसायचं नाही. धान्याचा दशमांश पैसे देऊन सोडवून घ्यायचा असेल तर वर पाचवा हिस्सा जास्त भरायचा.

तो जायचा लेव्यांना, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाला, कारण बाकीच्या वंशांसारखी त्यांना जमीन वाटून मिळालेली नव्हती, आणि लेव्यांनी मिळालेल्यातला दहावा भाग पुढे याजकांना द्यायचा (गणना १८). अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात अजून एक दशमांश दिसतो जो सणाला जाऊन घरच्यांसोबत देवापुढे खाण्यासाठी होता, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातले लेवी, परके, पोरकी मुलं आणि विधवा यांच्यासाठी. हे सगळं कसं मोजायचं यावर वाद आहेत, पण हिशोब मांडणारे २० ते २३ टक्क्यांपर्यंत जातात. म्हणजे "बायबलमध्ये दहा टक्के लिहिलंय" हे वाक्य वाटतं तेवढं सरळ नाहीये, ना कमी देणाऱ्याच्या बाजूने ना जास्त मागणाऱ्याच्या.

नव्या करारात येशू परूश्यांना (नियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) म्हणतो की तुम्ही पुदिना, शेप, जिऱ्याचा सुद्धा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. ते करायचं होतं आणि हेही सोडायचं नव्हतं, असं तो म्हणतो. प्रेषित पौल आपल्या पत्रांत वर्गणीबद्दल भरपूर लिहितो, यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पैसे गोळा चालले होते त्याबद्दल, पण त्यात कुठेही दहाचा आकडा नाही. १ करिंथ १६ मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १६ व्या अध्यायात, तो सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. २ करिंथ ९ मध्ये सांगतो की मनात ठरवल्याप्रमाणे द्या, नाखुशीने नको, जबरदस्तीने नको. या दोन ओळींत सगळी पद्धत आली खरं तर. नियमित, कमाईच्या प्रमाणात, आधी ठरवून, खुशीने.

(जाता जाता इतिहास. इ.स. ५८५ मध्ये मॅकोनच्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढायचं ठरवलं, ७७९ मध्ये शार्लमेनने तो कायद्यानेच सक्तीचा केला, आणि फ्रान्समध्ये तो गेला तो १७८९ च्या क्रांतीत. जर्मनीत आजही नोंदणीकृत सभासदांकडून चर्च-कर कापला जातो, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के, म्हणजे उत्पन्नाच्या नाही, कराच्या. कॅथलिक चर्चच्या कायद्यात चर्चच्या गरजांना हातभार लावणं कर्तव्य सांगितलंय पण टक्के दिलेले नाहीत. काही पंथांत दहा टक्के ठाम शिकवतात. तुमच्या मंडळीची शिकवण काय आहे ते आधी पाळकांना किंवा फादरना सरळ विचारून घ्या, अंदाज बांधत बसू नका.)

मला स्वतःला दहा टक्के हा पोचायचा टप्पा म्हणून आवडतो. हिशोबाला सोपा आहे आणि तेवढं दिलं की कळतं, थोडं खुपतं. पण त्याला दाराचं कुलूप करू नये, की एवढं असेल तरच आत या. आणि छतही करू नये, कारण ज्याचं भागून भरपूर उरतं त्याला दहा म्हणजे काहीच नसतं. येशूला भेटल्यावर जक्कय या श्रीमंत जकातदाराने आपलं अर्धं दिलं. येशूने वाखाणलेल्या त्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, अगदी छोटी नाणी, म्हणजे तिचं होतं नव्हतं ते सगळं. टक्केवारी दोघांनाही लागू पडत नाही.

आता कागद घ्या

मोबाईलवर नको, कागदच घ्या, आणि लग्न झालेलं असेल तर दोघं बसा. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर ठेवा. मनाने आकडे लिहिलेत तर खर्च नेहमी कमीच लिहिला जातो, हे माझ्या स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

उदाहरणासाठी पगार १०० धरा, चलन कुठलंही असू दे. त्यातले १२ कर आणि इतर कपातीत गेले, हातात आले ८८. घरभाडं २२, घरखर्च ३१, कर्जाचा हप्ता १७, मुलांच्या शाळेचे ९, औषधं आणि जाण्यायेण्याचे ६. झाले ८५. उरले ३.

आता हा माणूस भावनेच्या भरात म्हणाला की उद्यापासून मी पूर्ण दहा देणार, तर दर महिन्याला ७ कमी पडणार आणि ते जाणार क्रेडिट कार्डावर. म्हणजे देतोय तो नाही, कार्डवाली कंपनी देतेय, आणि तीन-चार महिन्यांनी व्याज चढलं की हा माणूस देणं तर बंद करेलच, वर लाजेने चर्चला यायचंही टाळेल. मी असे लोक पाहिलेत, आणि एकदा मी स्वतः तोच होतो. एका विशेष सभेत इमारतीसाठी आवाहन झालं, वक्ता भारी होता, संगीत चालू होतं, मी हात वर करून फॉर्मवर असा आकडा लिहिला की घरी येऊन बायकोला सांगायचीच हिंमत झाली नाही. पुढचे कित्येक रविवार मी सगळ्यात मागच्या बाकावर बसून शेवटचं गीत संपायच्या आत सटकायचो. त्या फॉर्मबद्दल मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही बरं का, मीच लपत होतो. नंतर अनुवादच्या २३ व्या अध्यायातलं वाचलं की नवस केलास तर फेडायला उशीर करू नको, पण केलाच नाहीस तर त्यात पाप नाही. हे आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

तर या ३ उरणाऱ्या माणसाने काय करावं? माझ्या मते २ ने सुरू करावं. आणि त्याच कागदावर खाली लिहावं की कर्ज संपेल त्या महिन्यापासून १०, कारण तेव्हा १७ मोकळे होणार आहेत. पैसे मोकळे व्हायच्या आधी लिहून ठेवायचं हे महत्त्वाचं, एकदा हातात आले की त्या १७ ला पाय फुटतात, नवी गाडी, नवा फोन, काही ना काही निघतंच. शिवाय घरखर्चाच्या ३१ मध्ये खरोखर काय काय आहे तेही बघा. बंद न केलेली सबस्क्रिप्शन, बाहेरून मागवलेलं खाणं, यातून एखादा टक्का सहज निघतो.

ज्याचा पगार वाढत चाललाय त्याच्यासाठी वेगळी युक्ती. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली आपल्या एका प्रवचनात सुरुवातीच्या मेथडिस्ट तरुणांपैकी एकाची गोष्ट सांगायचा. वर्षाला ३० पौंड मिळत होते तेव्हा तो २८ मध्ये राहिला आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, राहिला २८ मध्येच, दिले ३२. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२ आणि चौथ्या वर्षी १२० पैकी ९२ गरिबांना. हा तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच असं बरेच जण मानतात. आपल्याच्याने एवढं होणार नाही हे मान्य, पण प्रत्येक पगारवाढीतला अर्धा भाग आधीच दानाच्या नावावर टाकायचा एवढं तर जमतं, कारण जे पैसे अजून खर्चायची सवयच लागली नाही ते जाताना दुखत नाहीत.

कर कापायच्या आधीच्या पगारावर की नंतरच्या?

हा प्रश्न हमखास येतो आणि यावर लोक तावातावाने भांडतात. नीतिसूत्रे ३ मध्ये सगळ्या उत्पन्नाच्या प्रथमफळाने परमेश्वराचा सन्मान कर असं आहे, ते धरून काही जण आधीच्या पगारावर देतात. दुसरे म्हणतात जे हातात आलंच नाही त्यावर काय देणार. बायबलच्या शेतकऱ्याला सॅलरी स्लिप नव्हती, त्यामुळे तिथून थेट उत्तर शोधणं मला फुकटचं वाटतं. एक धरा आणि तेच चालवा. हातात आलेल्यावर देत असाल तर टॅक्स रिफंड आला की त्यातलाही हिस्सा काढा, एवढा प्रामाणिकपणा ठेवला की झालं.

धंदा असेल तर विक्रीवर नाही, नफ्यावर. दुकानाच्या गल्ल्यात आलेला पैसा निम्म्याहून जास्त मालवाल्याचा असतो, त्यातून देणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून देणं. ज्यांचं उत्पन्न वरखाली होतं, रोजंदारी, कमिशन, फ्रीलान्स, त्यांनी ठराविक रकमेच्या फंदात पडूच नये, टक्के धरावे, आणि पैसे आले की त्याच दिवशी तेवढे वेगळ्या खात्यात किंवा डब्यात टाकावे. पौलाचं बाजूला काढून ठेवणं ते हेच. महिना कोरडा गेला तर शून्याचे दहा टक्के शून्यच. २ करिंथ ८ मध्ये स्पष्ट आहे की ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही.

आईवडील, कर्ज आणि नवराबायको

इथे थोडं थांबून लिहितो कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधाचे पैसे चर्चला देऊन कोणी धार्मिक होत नाही. येशूने कुर्बानवरून परूश्यांना झापलंय ते यासाठीच. "हे देवाला वाहिलंय" म्हटलं की आईबापांना द्यायला नको, अशी पळवाट त्यांनी काढली होती (मार्क ७). आणि १ तीमथ्य ५ मध्ये तर घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट असं सरळ लिहिलंय. तेव्हा कागदावर आईवडिलांची ओळ दानाच्या ओळीच्या वर येईल, अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण ही पळवाट उलट बाजूनेही वापरता येते हं, घरच्यांच्या नावाखाली तिसरा टीव्ही घ्यायचा आणि देवाला म्हणायचं की आमचंच भागत नाही.

कर्जाचं असं की घराचा हप्ता किंवा शिक्षणाचं कर्ज चालू असताना देता येतं, तो नेहमीचा खर्चच आहे. पण हप्ते थकलेत, क्रेडिट कार्डाचं व्याज चढतंय, कोणाकडून हातउसने घेतलेले परत केले नाहीत, तर आधी ते. ज्याचे पैसे बुडवलेत तो तुम्हाला थैलीत नोट टाकताना बघतोय असं डोळ्यापुढे आणा म्हणजे कळेल. अशा काळात देणं अगदी बंद नको वाटत असेल तर अगदी छोटा आकडा ठेवा, सवय टिकते.

नवराबायकोपैकी एकालाच द्यायचं असेल, किंवा एकजण विश्वासातच नसेल, तर सामाईक पैशातून चोरून देऊ नका. चोरून दिलेलं कधीतरी उघडं पडतं आणि मग भांडण पैशावरून होत नाही, चर्चवरून होतं. स्वतःच्या हातखर्चातून द्या, किंवा दोघांना पटेल असा आकडा काढा, तुम्हाला हवा त्याच्या अर्धा असला तरी चालेल.

ज्या चर्चला देताय त्याच्याकडेही बघा

लोकांना वाटतं हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास. उलट आहे. २ राजे या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात योआश राजाने मंदिराच्या दुरुस्तीसाठी येणारा पैसा याजकांच्या हाती सोपवला होता, आणि त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी भेगा तशाच. मग एक पेटी आणली, झाकणाला भोक पाडलं, वेदीजवळ ठेवली, आणि भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजायचे आणि थैल्यांत बांधायचे. आपली दानपेटी आणि दोघांनी मोजायची पद्धत इतकी जुनी आहे. पौलसुद्धा वर्गणी एकटा नेत नव्हता, एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसं घेतली असं तोच लिहितो.

तर विचारा. दान कोण मोजतं, आणि मोजणारे एकाच घरातले तर नाहीत ना? वर्षाचा जमाखर्च सभासदांपुढे ठेवला जातो का? बाहेरच्या माणसाकडून हिशोब तपासून घेतात का? पाळकांचा पगार कोण ठरवतं? इमारतीसाठी म्हणून गोळा केलेलं इमारतीलाच लागतं का? आमच्या टेबलावर नियम होता की मोजताना कमीत कमी दोन जण, दोघांच्या सह्या, आणि कागदावर खाडाखोड झाली तर पूर्ण कागद नव्याने. एकदा आकडा थोड्या नाण्यांनी जुळेना म्हणून आम्ही तिसऱ्यांदा मोजलं, शेवटी नाणं थैलीच्या शिवणीत अडकलेलं सापडलं. कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगू.

सरळ उत्तरं मिळाली तर मनापासून द्या, आणि पाळकांच्या पगाराला नाक मुरडू नका. नहेम्याच्या १३ व्या अध्यायात लेव्यांचे वाटे मिळेनासे झाले तेव्हा ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. आजही वीजबिल, भाडं, पगार हे सगळं ठरल्या तारखेलाच लागतं, तुमचा मूड लागल्यावर नाही.

उत्तरं मिळत नसतील, विचारणाऱ्याला गप्प केलं जात असेल, देणाऱ्यांची नावं आणि रकमा माईकवरून वाचल्या जात असतील, किंवा "आज द्या, देव शंभरपट परत करेल" असं दर रविवारी ऐकू येत असेल तर हात आखडता घ्या. दशमांश आणा म्हणजे देव आशीर्वाद ओतेल, ही मलाखी ३ ची ओळ सगळ्यात जास्त इथेच वापरली जाते. तिथे भांडारात आणायला सांगितलंय ते "माझ्या मंदिरात अन्न असावं" म्हणून, ती कोणाची गुंतवणूक योजना नाही. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकून थोडे पैसे मागे ठेवले, सगळे दिले म्हणाले आणि मेले, ही गोष्ट सांगून घाबरवतात तीही नीट वाचा, प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. गुन्हा कमी दिल्याचा नव्हता, खोटं बोलल्याचा होता.

सगळं एकाच चर्चला द्यायचं का यावर माझं मत असं की जिथे तुम्ही दर आठवड्याला बसता, जिथे तुमची मुलं शिकतात आणि घरात कोणी गेलं तर जिथली माणसं दारात उभी राहतात, तिथे मोठा वाटा. बाकी थोडं तुमच्या माहितीतल्या गरजूला किंवा एखाद्या कामाला. मी चार भागांतले तीन चर्चला आणि एक बाहेर असं ठेवतो. अनुवादमधल्या तिसऱ्या वर्षाच्या दशमांशात लेव्यासोबत परकी, पोरकी आणि विधवा पण होत्या, त्यामुळे हे मला चुकीचं वाटत नाही. तुमची मंडळी पूर्ण दशमांश इथेच असं शिकवत असेल आणि तुम्हाला ते पटत असेल तर बाहेरचं त्याच्या वर द्या.

ठरलं, आता द्यायचं कसं

पगाराच्या दुसऱ्याच दिवशी जाईल अशी बँकेत ऑटो सूचना लावून टाका. महिन्याअखेरी उरलं तर देऊ म्हणणाऱ्याकडे कधीच उरत नाही. मुलांनी बघावं असं वाटत असेल, आणि मला तसं वाटतं, तर थोडा भाग पाकिटात घालून रविवारी त्यांच्या हातून टाकायला लावा. दानावर करसवलत तुमच्याकडच्या नियमात बसते का ते पावती घेताना खजिनदाराला विचारा, सवलत घेण्यात काही गैर नाही, वाचलेलं परत देता येतंच.

वर्षातून एक तारीख धरा आणि तोच कागद परत काढा. पगार वाढला, मूल झालं, नोकरी गेली, जे असेल त्याप्रमाणे आकडा बदला, आणि नोकरी गेली असेल तर कमी करताना कोणाची परवानगी लागत नाही. उलट अशा वेळी पाळकांना जाऊन सांगा की अडचण आहे, मंडळीचा मदतनिधी असतो तो अशासाठीच, एवढी वर्षं दिलंत ना त्यात.

आणि एक मोजणाऱ्यांच्या वतीने विनंती. पाकिटावर नाव, महिना आणि कशासाठी ते वाचता येईल असं लिहा, पाकीट डिंकाने चारी बाजूंनी चिकटवू नका, आत स्टेपलर तर अजिबात मारू नका, नोट फाटते. आणि नोटेची घडी एकच घाला.